रोह्याचे फाटक

कोकणातला माणूस लोखंडाला रंग लावतो तो गणपतीच्या आधी. म्हणजे नेमका अशा दिवसांत, जेव्हा पेणमध्ये टॉवेल वाळत नाही, डब्यातले पापड मऊ पडतात आणि मिठाच्या बरणीत चमचा उभा राहतो. तोच रंग उन्हाळ्यात लावला तर दुपारच्या जेवणापर्यंत वाळेल, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण उन्हाळ्यात गणपती येत नाहीत, आणि गणपती यायचे नसतील तर फाटक रंगवायचं कुणासाठी? तेव्हा भाद्रपदाच्या तोंडावर मी ब्रश हातात घेतला म्हणून मला कुणी वेड्यात काढू नये. काढलं, सगळ्यांनीच काढलं, पण ते पुढे येईल.

फाटक रोह्याचं. आमचं रोह्याचं घर विकलं गेलं, दिवाळीनंतर ते पाडणार, आणि आई तिथल्याच शेजारच्या आळीत एका खोलीत सामान घेऊन राहिली होती. पेणला आमच्याकडे ये म्हटलं की म्हणायची, बघू. आमच्या आईच्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असा आहे. तिने 'बघू' म्हटलेली एकही गोष्ट पुढे कुणी बघितलेली नाही. ऐंशी ओलांडलेली बाई, पावसात लाइट गेली की अंधारात बसते, फोन केला की म्हणते मला काय धाड भरलीय. माझा जीव टांगणीला लागायचा. शेवटी एकदा बोलता बोलता मी म्हटलं, आपलं पुढचं फाटक तेवढं मी पेणला नेऊन बसवतो, भंगारात कशाला घालायचं. आईचा पोळी लाटणारा हात थांबला. बसेल का तुझ्याकडे, म्हणाली. म्हटलं, बसवू. 'मग गणपतीला येते,' ती म्हणाली. 'पुढचं बघू.'

म्हणजे दीड दिवसाचा गणपती आणि दीड दिवसाची आई. पण एवढं तरी पदरात पडलं होतं. ती राहावी अशी माझी फार इच्छा होती, हे मी सरळच सांगून टाकतो. आणि तिला राहावंसं वाटायचं तर सगळी भिस्त त्या फाटकावर होती.

हे फाटक आमचे वडील, अण्णा, होते तोवर दरवर्षी हरतालिकेला स्वतः रंगवायचे. हिरवा रंग, दुसरा नाही. आत आई सारण परतत असायची, बाहेर अण्णा लुंगी खोचून ब्रश चालवत असायचे, आणि गूळखोबऱ्याचा नि ऑइलपेंटचा वास हातात हात घालून घरभर फिरायचा. अजूनही हार्डवेअरच्या दुकानात शिरलो की मला मोदक खावेसे वाटतात. रंग अर्थातच वाळायचा नाही. दुसऱ्या दिवशी पाहुणा फाटकाशी येऊन विचारायचा, 'मास्तर, वाळलं का?' आणि अण्णा पडवीतून न उठता म्हणायचे, 'वाळलंय, वाळलंय. या.' पोरांकडून सत्याच्या महतीवर निबंध लिहून घेण्यात ज्यांचा जन्म गेला, ते अण्णा वर्षातून एकदा हे धडधडीत खोटं बोलायचे. पाहुणा हिरवागार पंजा घेऊन आत यायचा. आईने दाराशेजारी खिळ्याला रॉकेलचा बोळा टांगलेला असायचा. आधी हात पुसायचे, मग आरती. गणपतीच्या दिवसांत रोह्यात कुणाच्या सदऱ्यावर हिरवा पट्टा दिसला तर तो मास्तरांकडे जाऊन आला, हे सगळा गाव न विचारता समजायचा.

माझा दरवर्षीचा नवा सदरा या फाटकाने खाल्ला. ती जखम जुनी आहे. त्यामुळे यंदा माझ्या मनात असं होतं की आईला फाटक तर दाखवायचंच, पण वाळलेलं दाखवायचं. अण्णांना जन्मात जमलं नाही ते.

पहिली अडचण सरकारी निघाली. सरकार म्हणजे आमच्या कॉलनीचे सचिव, महिपती गावंड. समोरच राहतात. नागोठण्याच्या कंपनीत शिफ्ट इन्चार्ज होते; निवृत्त झाले तरी शिफ्ट काही सुटलेली नाही, सकाळी उठून गल्लीची हजेरी घेतात. त्यांनी सांगितलं की कॉलनीतली सगळी फाटकं चॉकलेटी असावीत असा ठराव आहे, हिरवं बसवायचं तर सभेची मंजुरी पाहिजे, आणि सभा गणपतीनंतर. मी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. मी तिथल्या तिथे मागील संदर्भ जोडून एक असा अर्ज लिहिला की त्यात काना-मात्रेची चूक काढून दाखवावी कुणी. गावंडांनी तो सचिव या नात्याने स्वीकारला, विचाराधीन असल्याचं तोंडी कळवलं, आणि शेजारी या नात्याने छत्री घेऊन आले. मी रंगवत होतो तोवर ते माझ्यावर आणि फाटकावर छत्री धरून उभे होते. माणूस वाईट नाही.

पहिला हात उत्तम बसला. संध्याकाळी बोट लावलं तर बोट निघेना. गावंडांनी मोबाइलमध्ये बघून हवेत पाणी किती टक्के आहे ते सांगितलं, आणि कंपनीत अशा हवेत टाकीला ब्रश लावणाऱ्याला मेमो मिळायचा हेही सांगितलं. सकाळी बघतो तो रात्रीच्या झिमझिमीने फाटकाला गोवर आल्यासारखे फोड. खरवडलं. पुन्हा लावलं आणि या खेपेस वर प्लास्टिकचा तंबू ठोकला. आतल्या आत फाटकाला घाम फुटला. पुन्हा खरवडलं. खरवडताना पापुद्र्यांखाली अण्णांचे जुने हिरवे लागायला लागले, एकाखाली एक, कुठला फिका, कुठला गर्द. एका ठिकाणी एक केस चिकटलेला सापडला, अण्णांच्या ब्रशचा. तो भाग मी तसाच ठेवला, गुळगुळीत झाला नाही तरी.

मग मुलीचा केस वाळवायचा ड्रायर घेतला. समीक्षाने दिला, पण शेजाऱ्यांना दिसणार नाही अशा बेताने वापरा म्हणाली. फाटक वाळवायचं आणि शेजाऱ्यांना दिसू द्यायचं नाही, हे कसं जमवायचं ते तिने सांगितलं नाही. मी स्टुलावर बसून एकेका गजाला वारा घालतोय आणि गल्लीतून जाणारा प्रत्येक जण घटकाभर थांबून मार्ग सुचवतोय, असा तासभर गेला. मग मी घरातला हीटरही बाहेर आणला आणि त्याच क्षणी सगळ्या गल्लीची लाइट गेली. तक्रार करायला विजेच्या कचेरीत मलाच पाठवण्यात आलं. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, लाइट कशाने गेली. मी म्हटलं, केसांच्या ड्रायरने. त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं. माझ्या डोक्यावर ड्रायर लावण्याजोगं काही उरून बरीच वर्षं झाली. मी त्यांना फाटकाबद्दल काही सांगितलं नाही, नाहीतर तिथेही मार्ग सुचवले असते.

आमच्याकडे दूध घालायला येणाऱ्या कृष्णाबाई. त्यांचं म्हणणं, आमच्याकडं सोडे सुकवतात तसं चुलीवर टांगा, धुरानं दोन दिसांत कडक होईल. सुकी कोळंबी आणि सहा फुटी फाटक यात काही फरक असतो असं मी म्हणेपर्यंत मागून त्यांची पांढरी गाय आली आणि तिने आमच्या फाटकाला अंग घासलं. पाठीला खाज असेल बिचारीच्या. पण त्या दिवसापासून कृष्णाबाईंची गाय पट्टेरी झाली आणि गिऱ्हाइकं त्यांना दुधाचा रंग विचारू लागली. चार दिवस आमच्याकडे दूध पातळ येत होतं. तो योगायोग असेल, पण मला तसं वाटत नाही.

शेवटी गावंडांनीच मार्ग काढला. ते म्हणाले, पेणमध्ये राहून रंग वाळत नाही म्हणून रडता? अख्ख्या महाराष्ट्राचे गणपती या हवेत वाळतात ते कुठे? जोह्याला. त्यांच्या नात्यातल्या हिरामणचा पेणलगतच्या त्या गावात मूर्तींचा कारखाना होता. मला मनातून ओशाळल्यासारखं झालं. इतकी वर्षं पेणला काढली आणि हे मला सुचू नये?

जितेशच्या टेम्पोतून फाटक जोह्याला नेलं. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. रांगेने गणपती, वर हॅलोजन, कोपऱ्यात भला मोठा पंखा गरम वारा सोडतोय, आणि हिरामण एका कानाला फोन लावून दुसऱ्या कानाने कामगारांचं ऐकतोय. फोनवरच्या माणसाला थांब म्हणून तो मला म्हणाला, 'इथं गनपती सुकतात, तुमचं फाटक नाय सुकनार?' मग विचारलं, रंग कुठला. म्हटलं, हिरवा. 'पितांबराचा हिरवा का शेल्याचा?' आता पीत म्हणजे पिवळा. पीतांबर हिरवं असूच शकत नाही. हे मी त्याला समजावून सांगितलं, तो शांतपणे ऐकत राहिला, आणि वळून आत ओरडला, पितांबराचा हिरवा.

एवढ्या गर्दीत आपली वस्तू हरवू नये म्हणून मी एक पुठ्ठा मागून घेतला आणि त्यावर खडूने, ठळक अक्षरांत, नाव लिहून तारेने फाटकाला बांधलं. बोलताना आपण 'रोह्याचं फाटक' म्हणतो. पण लिहायचं म्हणजे प्रमाण मराठीत लिहायचं, हा अण्णांचा दंडक. मी लिहिलं, 'रोह्याचे फाटक'. हिरामणने वाचलं, मान डोलावली. अक्षर छान हाय, म्हणाला. मी तृप्त होऊन घरी आलो.

मग फोन सुरू झाले. मी विचारायचो, फाटकाचं झालं का? तिकडून कुणीतरी सांगायचं, फाटकांचं होतंय. अनुस्वार फोनवर ऐकू येत नाही, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं. एकदा हिरामण स्वतः म्हणाला, 'फाटकांचं येकदम फस्क्लास. आखनी पन झाली.' आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं, हे पेणच्या माणसाला सांगायला नको. फाटकाची आखणी काय असते मला कळेना. पण म्हटलं, गजांना सोनेरी रेघ वगैरे मारली असेल हौसेने. मारेना का. आईला आवडेल.

हरतालिकेला सकाळी मी गवंड्याबरोबर फाटकासाठी खांबांचं माप बघत मागच्या बाजूला होतो. पुढच्या दारी जितेशचा टेम्पो आला, त्याने सामान उतरवलं आणि तो पुढच्या फेरीला गेला. मी येऊन बघतो तर ओट्यावर पाट मांडलेला, माझी बायको नमिता हातात ताम्हन घेऊन उभी, आणि पाटावर तोंडावरून रुमाल घातलेला भला थोरला गणपती. तिने पायावर दूधपाणी घातलं होतं, भाकरतुकडा ओवाळून टाकला होता, कुंकू लावलं होतं. यंदा मी गुपचूप जोह्याचीच मूर्ती सांगितली असं तिला वाटलं होतं, आणि ती इतकी खूश होती की खरं सांगायला माझी जीभ रेटेना. आमचा गणपती कुंभार आळीत ठरलेला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. पाटामागे वाकून पाहिलं तर मूर्तीच्या मागे खडूने लिहिलं होतं, 'फाटक'.

हिरामणला फोन लावला. दोघांच्या बोलण्यातून उलगडलं ते असं. रोह्याला फाटक नावाचे एक वकील आहेत, दरवर्षी त्यांची मूर्ती हिरामणकडची. रोह्याचा टेम्पो भल्या पहाटे भरला तेव्हा माणसांनी 'रोह्याचे फाटक' अशी ठळक पाटी बघितली आणि ते सामान चढवलं. मागून आमच्याकडे यायला निघालेल्या जितेशला सांगितलं होतं, पेणला कर्णिकसाहेबांकडं फाटक न्यायचं. कारखान्यात 'फाटक' लिहिलेली एकच वस्तू उरली होती. त्याने ती आणली. यात चूक कुणाची हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. हिरामणचं म्हणणं, चूक अक्षराची.

थोडक्यात, आमचं फाटक परत रोह्याला पोचलं होतं आणि फाटकांचा गणपती आमच्या पाटावर बसला होता. तोही ओवाळलेला. ओवाळून आत घेतलेला गणपती परत बाहेर काढावा का, यावर ओट्यावर सभा भरली. कॉलनीची मंजुरी नसतानाही भरली. गावंड म्हणाले, एकदा गेटमधून आत घेतलेला माल चलनाशिवाय बाहेर जात नाही. नमिताचे डोळे भरून आले. कृष्णाबाई दुधाचं भांडं खाली ठेवून म्हणाल्या, 'गनपती पावना हाय. रोह्याला चाललेला, वाटंत तुमच्याकडं घटकाभर टेकला. पावन्याला परत नाय पाठवीत गो, फुडं पोचवतात.' नमिताने डोळे पुसले, आतून दही आणलं आणि प्रवासाला निघालेल्याच्या हातावर घालतात तसं मूर्तीच्या हातावर घातलं. गावंडांनी ते चलन म्हणून मान्य केलं.

जितेशला परत बोलावलं आणि गणपती मांडीवर घेऊन मी टेम्पोत पुढे बसलो. हरतालिकेच्या दिवशी त्या रस्त्याने जो गेला असेल त्याला पुढचं सांगायला नको. मुंबईची सगळी माणसं गावाला निघालेली. कासूच्या पुढे गाड्या अशा थांबल्या की माणसं उतरून चहा प्यायला लागली. पण माझ्या मांडीवर गणपती. शेजारच्या गाडीतली माणसं काच खाली करून हात जोडत, बायका नमस्कार करून लहान मुलांना पुढे करत. एकाने तर माझ्याच पायाशी वाकून नमस्कार केला. इतकी वर्षं कचेरीत काढली, इतका मान मला कधी कुणी दिला नाही. मला रडावंसं वाटत होतं ते मात्र वेगळ्या कारणाने. माझं फाटक अनोळखी माणसाच्या दारात, आई संध्याकाळी नागोठण्याला नूतनकडे, म्हणजे माझ्या बहिणीकडे, जाणार होती आणि तिथून दुसऱ्या दिवशी सकाळी पेणला येणार होती, आणि इथे खांब रिकामे.

भिसे खिंड उतरून रोह्यात पोचलो. फाटक वकिलांच्या अंगणात माणसं जमली होती. मी उतरल्याबरोबर त्यांनी आधी गणपती घेतला, डोळे मिटून नमस्कार केला आणि मग माझ्याकडे वळले. हातात माझा पुठ्ठा होता. म्हणाले, 'कर्णिक, तुम्ही "चं" लिहिलं असतंत तर फाटक झालं असतं. "चे" लिहिलंत, मी झालो.' आजूबाजूची माणसं हसली. पेणपासून जपत आणलेली माझी प्रतिष्ठा त्या अंगणात सांडली ती कायमची. प्रमाण मराठीने माझ्यावर उलटावं?

पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. भिंतीला फाटक टेकवलेलं होतं आणि त्याच्यासमोर खुर्चीवर आई बसली होती. रोहा लहान आहे. वकिलांकडे फाटक आलंय म्हटल्यावर बघायला ये-जा सुरू झाली, तशी आईही आली होती. वकील म्हणाले, मास्तरीणबाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या आमचं नव्हे.

आमचं नव्हे. मी फाटकाकडे बघितलं. खरंच देखणं झालं होतं. हिरवं, पण आतून मोत्यासारखी झाक मारणारं, गुळगुळीत, पाण्याचं टिपूस पडलं तरी ओघळून जाईल असं. एखाद्या गणपतीच्या मांडीवरून काढून आणल्यासारखं. आणि कडक वाळलेलं. मी आईला म्हटलं, अगं आपलंच आहे, हे बघ, इथे अण्णांच्या ब्रशचा केस राहिलाय. ती उठली, त्या जागी बोट फिरवलं, मग सगळा पंजा फाटकावरून फिरवला. पंजा उलटा करून बघितला. स्वच्छ होता.

'वाळलंय रे,' ती म्हणाली.

मी अभिमानाने म्हटलं, कडक वाळलंय. अण्णांना कधी जमलं नाही. ती टेम्पोत माझ्या शेजारी येऊन बसली. फाटक मागे चादरीवर आडवं होतं. खिंड चढेपर्यंत ती मांडीवर हात ठेवून आपले तळवे बघत होती, आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, 'एवढं छान करायची काय गरज होती?' नागोठण्याला नूतनच्या दारात उतरताना म्हणाली, 'येते उद्या. पण दीड दिवस झाला की इकडेच येईन म्हणते. नूतनकडेच बरं पडेल.' पिशवी तिने माझ्या हातात दिली नाही, स्वतः घेऊन गेली.

मी तिथेच टेम्पोत बसून राहिलो. जितेश म्हणाला, साहेब, निघायचं ना. गणपतीच्या आदल्या संध्याकाळी नागोठण्याचा बाजार फुलला होता, आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून ऑइलपेंटचा वास येत होता. मला मोदकांची आठवण झाली आणि त्याच्या पाठोपाठ आईने उलटा करून बघितलेला तो स्वच्छ पंजा आठवला. मी उतरलो, साधा हिरवा रंग घेतला, एक ब्रश घेतला, आणि जितेशला म्हटलं, चल लवकर.

पेणला आल्यावर गावंडांनी हात लावला म्हणून फाटक खांबांवर चढलं. ते दोन पावलं मागे सरून म्हणाले, वा, हे काम झालं, असं कंपनीतही होत नाही, यासाठी मी चॉकलेटीचा ठराव रद्द करवतो. तेवढ्यात मी डबा उघडला आणि पहिला ब्रश त्या मोतिया हिरव्यावर ओढला. पाऊस भुरभुरत होता. गावंड म्हणाले की कर्णिक, आठ दिवस गल्लीने जागून ज्याची चिंता केली ते वाळलेलं फाटक तुम्ही ओलं करताय. म्हटलं, करतोय. कारण विचारलं, मी सांगितलं नाही. सांगता येण्यासारखं नव्हतं. ते घरात गेले. मला वाटलं रागावले. थोड्या वेळाने छत्री घेऊन परत आले आणि रंगवून होईपर्यंत माझ्यावर धरून उभे राहिले.

चतुर्थीच्या सकाळी आमचा ठरलेला गणपती आला, पाटावर बसला. नमिता सारण परतत होती. मी नवा सदरा घालून ओट्यावर बसलो होतो आणि रंगाचा वास आत-बाहेर करत होता. नूतनच्या गाडीचा आवाज आला. आई उतरली, फाटकापाशी आली आणि थबकली. ओघळ आलेलं, दोन-चार चिलटं चिकटलेलं, गजांच्या कोपऱ्यात रंगाचे थेंब लोंबणारं ते फाटक तिने वरपासून खालपर्यंत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

'वाळलं का रे?'

मी ओट्यावरून उठलो नाही. 'वाळलंय, वाळलंय,' म्हटलं. 'ये.'

तिने हात पुढे केला आणि पूर्ण पंजाने, जोर देऊन, फाटक ढकललं. आत येऊन हिरवागार तळवा माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, बापाचाच मुलगा तू. मग हसायला लागली. तिला तशी हसताना बघून मला माझंच आवरेना, मी उगाच तिची पिशवी घ्यायला वाकलो, तर आधी ऊठ म्हणत तिने माझ्या खांद्यावर हात टेकला, हिरवाच. नमिता टर्पेंटाइनचा बोळा घेऊन धावत आली. आईने सावकाश एकेक बोट पुसलं. पुसून झाल्यावर बोळा नमिताला परत दिला नाही. दाराच्या चौकटीकडे बघत राहिली, इकडे, तिकडे, काहीतरी शोधल्यासारखी.

'दत्तू, इथे एक खिळा ठोक,' ती म्हणाली. 'बोळा टांगायला. दरवर्षी लागेल.'

मी हातोडी आणायला वळलो. नमिता मागून म्हणाली, अहो, नव्या सदऱ्याला खांद्यावर केवढा हिरवा लागलाय. म्हटलं, लागू दे.